अर्धा पगार, पुरा संसार



कारखान्याला टाळे लागले म्हणजे साऱ्या वस्तीला कळते. मोर्चा निघतो, वर्तमानपत्रांत बातमी येते, पुढारी विचारपूस करण्यास येतात. परंतु कारखाना चालूच राहतो आणि आठवड्याचे सहा दिवसांचे काम चार दिवसांवर येते, जादा काम बंद होते, पाळी आठ तासांऐवजी पाच तासांतच संपते, तेव्हा कोठेही गाजावाजा होत नाही. कामगार नोकरीवर आहे असेच जग समजते. घरातील गृहिणीला मात्र महिन्याच्या वीस तारखेलाच पिठाच्या डब्याचा तळ दिसू लागतो. या अबोल संकटाविषयी आज आम्हांस आपणाशी बोलावयाचे आहे.

हे संकट विरळा नाही. २०१९ साली वाहनउद्योगात मंदी आली तेव्हा मोठ्या कारखान्यांनी उत्पादनाचे दिवस घटविले, आणि त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण भागातील लहान कारखान्यांच्या कामगारांना त्याची झळ लागली. २०२० साली टाळेबंदीने तर देशभर हाच अनुभव दिला. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांवर सूत महागले किंवा कापडाला उठाव नसला की पाळ्या कमी होतात, हे तेथील कामगाराला सांगावे लागत नाही. ज्याच्या पाठीशी गावाकडची शेती आहे तो अशा वेळी चार महिने गावी जाऊन राहू शकतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या पाठीशी शेत नाही आणि वाडवडिलांनी साठविलेली पुंजीही नाही. म्हणूनच घटलेला एक तासही आपल्या घरात थेट ताटापर्यंत पोहोचतो.

कामाचे तास कमी होणे ही गोष्ट मुळात वाईट नव्हे. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य होते. त्याच काळात १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे चोपन्न तास अठ्ठेचाळीसवर आले. ते तास श्रमिकाला विश्रांती मिळावी, त्याने वाचावे, मुलांना जवळ घ्यावे, माणूस म्हणून जगावे यासाठी कमी झाले. आजचे तास मालकाचा माल उठत नाही म्हणून कमी होत आहेत, आणि त्याचा भार मात्र मजुराच्या पगारावर टाकला जात आहे. या दोहोंतील भेद आपण प्रथम मनात पक्का केला पाहिजे. कारण हा भेद ज्याला कळला नाही तो मालकाशी बोलण्याआधीच आपल्या मुलाच्या दुधात पाणी घालू लागतो.

यास्तव आमचे पहिले सांगणे हे की, खर्चातील एक रुपयाही कापण्यापूर्वी पगारातील कपात कायदेशीर आहे की नाही ते पाहा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आहेत, आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा व १९४८ चा किमान वेतन कायदा यांची जागा त्यांनी घेतली आहे. या संहितांत कामगाराच्या अडचणीच्या कित्येक गोष्टी आहेत. त्यांविषयी स्वतंत्रपणे लिहिता येईल. परंतु आजच्या प्रश्नापुरत्या चार गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली ही की, वेतन आणि कामाचे तास हे सेवाशर्तींचे विषय आहेत. त्यांत बदल करावयाचा तर मालकाला सामान्यतः एकवीस दिवस आधी रीतसर सूचना द्यावी लागते. मुकादमाने तोंडी सांगितले म्हणजे सूचना झाली असे नव्हे. दुसरी ही की, ज्या कामगाराचे किमान वेतन रोजावर ठरलेले आहे तो कामास हजर असताना मालकानेच त्याला कमी तास काम दिले, तर त्या दिवसाचे पूर्ण वेतन त्याला मिळाले पाहिजे. कामगार आपणहून काम करावयास तयार नसेल तर गोष्ट निराळी. तिसरी ही की, पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या, हंगामी नसलेल्या कारखान्यात ज्याची एक वर्षाची सलग नोकरी झाली आहे आणि जो बदली किंवा नैमित्तिक कामगार नाही, त्याला ले-ऑफच्या दिवसांसाठी मूळ वेतन व महागाईभत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळते. त्यासाठी नेमून दिलेल्या वेळी कारखान्यात हजेरी द्यावी लागते. आणि मालकाने जवळपास तशाच पगाराचे पर्यायी काम दिले असता ते नाकारले तर भरपाईचा हक्क जातो. चौथी ही की, ठेकेदाराने वेतन दिले नाही तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते.

या काळात कोऱ्या कागदावर सही करू नका. ‘मी स्वखुषीने रजा घेत आहे’ अशा मजकुराखाली, ती रजा स्वखुषीची नसताना, सही करू नका. रागाच्या किंवा निराशेच्या भरात राजीनामा देऊ नका. कामगारकपात झाली तर दर वर्षाच्या सेवेमागे पंधरा दिवसांच्या वेतनाची भरपाई मिळते. राजीनामा देणाऱ्याला ती मिळत नाही. ले-ऑफचे दिवस सलग सेवेत धरले जातात, म्हणून ग्रॅच्युइटीचा हक्क त्यामुळे तुटत नाही. पगारपत्रक, हजेरीचा पुरावा, बँकेच्या खात्याचा उतारा जपून ठेवा. कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगारांनी आणखी एक हिशेब ठेवावा. आजारपणाचा रोख लाभ मिळण्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. कामाचे दिवस फार घटले तर हा आकडा हातचा जाऊ शकतो, याची आठवण युनियनने मालकाला व कामगारांना वेळीच करून द्यावी.

आता घराच्या हिशेबाकडे वळू. हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण मांडून पाहू.

समजा, एका चौघांच्या घरात एकच मिळवता माणूस आहे. रोज ६०० रुपये, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १५,६०० रुपये. त्यावर जादा कामाचे २,४००. एकूण १८,०००. खर्च असा: घरभाडे ४,५००, किराणा ५,०००, दूध-भाजी २,०००, वीज व गॅस १,६००, येण्याजाण्याचा खर्च १,२००, मुलांची शाळा व शिकवणी १,५००, मोबाइलचे रिचार्ज ६००, दुचाकीचा हप्ता १,६००. बेरीज बरोबर १८,०००. आता काम १७ दिवसांवर आले आणि जादा काम बंद झाले. मिळकत १०,२०० झाली आणि दरमहा ७,८०० रुपयांचे भगदाड पडले. हा आकडा पाहून माणसाचे धैर्य खचते, तो सावकाराचे घर शोधू लागतो, आणि मुलीला शाळेतून काढण्याची गोष्ट घरात निघते.

परंतु हाच आकडा पायरीपायरीने फोडून पाहा. हा कामगार ले-ऑफच्या भरपाईस पात्र असेल तर नऊ दिवसांचे प्रत्येकी ३०० याप्रमाणे २,७०० रुपये त्याच्या हक्काचे आहेत. तूट ५,१०० वर आली. कामाचे दिवस घटल्याने प्रवासखर्चात सुमारे ४०० वाचतात. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळते, आणि १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी ते मोफत आहे. चौघांचे वीस किलो धान्य पुरते उचलले तर वाण्याच्या बिलातील निदान ७०० रुपये वाचतात. विडी-तंबाखू आणि टपरीवरचा चहा यांवर रोज २० रुपये जात असतील तर तेच महिन्याला ६०० होतात. दोन मोबाइलऐवजी एकाच मोबाइलवर मोठे रिचार्ज ठेवले तर ३०० वाचतात. हप्ता थकण्यापूर्वीच बँकेकडे अर्ज करून मुदत वाढवून घेतली आणि हप्ता निम्मा झाला, तर ८०० वाचतात. मात्र एकूण व्याज वाढते हे समजून उमजून करावे. ही बेरीज २,८०० होते. तूट २,३०० वर आली. आता प्रश्न ७,८०० रुपयांचा राहिला नाही. रिकाम्या नऊ दिवसांत दिवसाला अडीचशेच्या आसपास कसे मिळवावे, एवढाच उरला. ले-ऑफची भरपाई न मिळणाऱ्या लहान कारखान्यातील किंवा बदली कामगाराच्या घरी हा आकडा ५,००० राहील; त्याला अधिक ओढाताण करावी लागेल. पण त्यालाही आपली तूट नेमकी किती हे कळेल, आणि ठाऊक असलेल्या शत्रूशी लढणे सोपे असते.

या यादीत आम्ही तीन खर्चांना हात लावलेला नाही, हे आपल्या ध्यानात आले असेल. ते म्हणजे दूध-भाजी, मुलांचे शिक्षण आणि घरभाडे. पहिला कापला तर आजारपण येते, आणि दवाखान्याचे एक बिल महिनाभराची बचत गिळून टाकते. शिवाय आपल्या घरांत असा नियमच पडून गेला आहे की, काटकसर सुरू झाली म्हणजे सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटातून ती होते. ही काटकसर नव्हे, हा अन्याय आहे. दुसरा खर्च कापला तर पुढच्या पिढीलाही अर्ध्या पगारावरच जगावे लागेल. तिसरा थकला तर डोक्यावरचे छप्पर धोक्यात येते.

भगवान बुद्धांनी कोलिय कुळातील दीघजाणू नावाच्या गृहस्थाला ऐहिक सुखाच्या ज्या चार गोष्टी सांगितल्या त्यांत उद्योग, मिळविलेल्याचे रक्षण आणि सन्मित्रांची संगत यांच्याबरोबर ‘समजीविता’ ही एक आहे. आय आणि व्यय यांचा तोल राखून जगणे, उधळपट्टीही नको आणि कद्रूपणाही नको, असा तिचा आशय आहे. संसारी माणसासाठी घरखर्चाची वही लिहिणे हीसुद्धा शीलाचीच गोष्ट आहे, असे आम्ही समजतो. लग्न, बारसे, जयंतीची वर्गणी यांत दिखाव्यासाठी कर्ज काढणे त्या शिकवणुकीत बसत नाही. मंदीच्या महिन्यात वर्गणी देणे जमत नसेल तर श्रमदान करावे, आणि कार्यकर्त्यांनीही ते मानाने स्वीकारावे.

आता जादा मिळकतीविषयी. येथे पहिला नियम असा की, हातात येणारी रक्कम आणि हातात उरणारी रक्कम या दोन निराळ्या गोष्टी आहेत. समजा, घरून पोळीभाजीचे डबे द्यावयाचे ठरविले. एका डब्याचे ७० रुपये घेतले आणि पीठ, भाजी, तेल, गॅस यांना ४५ लागले, तर उरतात २५. रोज पाच डबे आणि महिन्याचे २४ दिवस म्हणजे ३,००० रुपये. वरील घराची तूट यातून भरून निघते. पण दोन गिऱ्हाइकांनी महिन्याचे पैसे बुडविले तर नफ्याऐवजी पदरचेच जातात. म्हणून पैसे आगाऊ किंवा आठवड्याला घ्यावे. खाद्यपदार्थांच्या धंद्यासाठी अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी करून घ्यावी. आणि हेही ध्यानात असू द्या की, हे तीन हजार घरातील बाईच्या श्रमाचे आहेत. नवऱ्याचे तास कमी झाले आणि बायकोचे वाढले, एवढाच बदल घरात होणार असेल तर तो समतेचा संसार नव्हे. रिकाम्या दिवशी बाजार आणणे, भाजी चिरणे, डबे पोहोचविणे, भांडी घासणे ही कामे पुरुषाने करावी. त्यात कमीपणा नाही.

ज्याच्या हाती कसब आहे त्याने त्या कसबाचे काम आधी शोधावे. फिटर, वेल्डर, मोटारीचे वाइंडिंग करणारा, नळजोडणीचा कारागीर यांना वस्तीत काम मिळते. विजेचे काम करणाऱ्याने मात्र वायरमनचा परवाना असल्याखेरीज त्यात हात घालू नये. दुचाकीवरून माल पोहोचविण्याच्या कामात दिवसाकाठी मिळालेल्या रकमेतून पेट्रोल, टायर, दुरुस्ती आणि हप्ता वजा करूनच खरी मजुरी मोजावी, आणि आपल्या गाडीचा विमा अशा कामाला लागू पडतो की नाही ते आधी विचारून घ्यावे. एका कारखान्यात काम करून त्यावर लगोलग दुसऱ्या कारखान्यात काम करण्यावर कायद्याने निर्बंध आहेत; शिवाय नेमणूकपत्रात दुसरे काम करण्यास मनाई असू शकते. म्हणून नेमणूकपत्र वाचावे आणि शक्यतो लेखी परवानगी घ्यावी. ‘घरबसल्या मजकूर उतरवून द्या आणि हजारो कमवा’ असे सांगून आधी अनामत मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. खरा मालक काम देण्यासाठी पैसे मागत नाही. कोणी फोनवरून किंवा संगणकावरून फसविलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करा.

काही कामे मात्र कितीही पैसा मिळाला तरी करावयाची नाहीत. पैशाची निकड असलेला माणूस कोठे सापडेल हे ठेकेदारांना ठाऊक असते. सेप्टिक टाकीत किंवा गटारात उतरण्यासाठी तासाभराचे हजार रुपये देऊ करणारा माणूस आपल्याच वस्तीत येतो, दुसऱ्या वस्तीत जात नाही. तो का, हे आपण जाणतो. अशी धोक्याची सफाई माणसाकडून करवून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली आहे. या कामात मृत्यू झाल्यास तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरविले. परंतु भरपाई मिळाली म्हणून मेलेला बाप परत येत नाही. त्याचप्रमाणे जी गावकीची कामे आपल्या आईबापांनी मानहानी सोसून एकदा टाकली, ती ‘दोन महिन्यांपुरती’ म्हणूनही पुन्हा पत्करू नका. दोन महिन्यांसाठी पत्करलेले जोखड उतरविण्यास पिढी जाते.

मुलांना कामाला लावण्याचा विचारही मनात आणू नका. चौदा वर्षांखालील मुलाला नोकरीस ठेवणे गुन्हा आहे, आणि अठरा वर्षांखालील मुलाला धोक्याच्या कामावर ठेवणेही गुन्हा आहे. मिळकत घटली आहे तर तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा नवा दाखला वेळेवर काढा. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे, आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची स्वाधार योजना आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांनाही लागू झाल्या. दाखल्याअभावी त्या सोडून देऊ नका. कागदपत्रे मुलाच्या दहावीच्या निकालापूर्वीच तयार ठेवा.

आणि सावकार? महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, चक्रवाढ व्याज घेता येत नाही, आणि मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही. हे ज्याला माहीत आहे त्याला सावकार सहसा उंबरठ्यावर येऊन शिव्या देत नाही. परंतु कायदा माहीत असणे यापेक्षा सावकाराकडे न जाणे अधिक हिताचे. मोबाइलवर चुटकीसरशी कर्ज देणारी ॲपे हीसुद्धा नव्या वेषातील सावकारीच ठरू शकते. कर्ज कोणत्या बँकेचे किंवा रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या कोणत्या वित्तसंस्थेचे आहे हे लेखी सांगत नसेल त्याचे पैसे घेऊ नका. धंद्यासाठीच कर्ज हवे असेल तर मुद्रा योजनेतील पन्नास हजारांपर्यंतचे शिशु कर्ज, महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या योजना आणि स्त्रियांचे बचतगट हे मार्ग आधी चोखाळा. भविष्यनिर्वाह निधीला अगदी शेवटी हात लावा. ते आपल्या म्हातारपणीचे अन्न आहे.

शेवटी एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. पगार घटला ही लाज वाटण्याची गोष्ट नाही, परंतु आपले कामगार तिची लाज बाळगतात. शेजाऱ्याला कळू देत नाहीत, बायकोलाही खरा आकडा सांगत नाहीत, आणि उसने पैसे आणून जुनाच डौल चालू ठेवतात. या लपवाछपवीने जितकी घरे बुडतात तितकी मंदीनेही बुडत नसावीत. एकाच कारखान्यातील वीस कामगारांनी एकत्र येऊन एक लेखी अर्ज दिला तर त्याला उत्तर द्यावे लागते. वीस जणांनी वीस ठिकाणी मनातल्या मनात कुढले तर कोणालाच काही द्यावे लागत नाही. अनुसूचित जातींच्या व्यक्तींना, स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या न्यायालयात विधिसेवा समितीचे कार्यालय असते. तेथे जा, किंवा १५१०० या क्रमांकावर विचारा.

तेव्हा बंधुभगिनींनो, या पंधरवड्यात एवढे करा. नवराबायको दोघांनी बसून, मोठ्या मुलांना जवळ घेऊन, मिळकत आणि खर्च एका वहीत लिहा. तूट किती ती नेमकी काढा. त्यातील हक्काचे किती, काटकसरीचे किती आणि कष्टाने मिळवावयाचे किती, हे तीन आकडे वेगळे करा. पहिला आकडा मालकाकडे व सरकारकडे मागा, दुसरा घरात सर्वांनी सारखा वाटून घ्या, आणि तिसरा आपल्या कसबाने मिळवा. ही वही मुलींच्या आणि मुलांच्या देखत लिहा, म्हणजे त्यांची फी या वहीत शेवटपर्यंत कापली गेली नाही, हे त्यांना दिसेल.